खरं होतं ते पिस्तूल

"हे पिस्तूल अस्सल नाही," असं त्याने माझ्या नवऱ्याला सांगितलं तेव्हा मी स्वयंपाकघरात चहा गाळत होते. दार उघडं होतं.  पुढच्या खोलीतून यांचा आवाज आला, "नीट बघितलंस?"

"दोनदा बघितलं, दादा. सॉरी."

तो यांना दादा म्हणायचा आणि मला वहिनी. इंग्लंडात ब्रॅकनेलला एका कंप्युटर कंपनीत नोकरीला होता, एकटाच राहायचा. मराठी मंडळाच्या कुठल्याशा गणपतीत यांची आणि त्याची गाठ पडली, आणि मग दर शनिवारी तो लंडनमध्ये एजवेअरला आमच्याकडे जेवायलाच यायला लागला. आमटीत मीठ कमी पडलं तर उठून स्वतः घेणारा माणूस. माझी मुलगी त्याच्या कडेवर वाढली म्हटलं तरी चालेल.

आम्ही दोघंही डॉक्टर. मी भूलतज्ज्ञ, हे हाडांचे सर्जन. यांना जुन्या पिस्तुलांचा नाद कसा लागला ते मला आजही नीट सांगता येणार नाही. एका बँक हॉलिडेच्या सुट्टीला पाऊस लागला म्हणून आम्ही एका जुन्या वस्तूंच्या दुकानात शिरलो आणि हे बाहेर पडले ते पिस्तूल घेऊन. मी घाबरलेच. पण इतकी जुनी पिस्तुलं शोभेची वस्तू म्हणून घरात ठेवायला या देशात परवाना लागत नाही म्हणे. मग काचेचं कपाट आलं, मऊ फडकी आली, तेलाच्या बाटल्या आल्या. "दिवसभर लोकांची हाडं जोडता आणि घरी येऊन ही हत्यारं कुरवाळता," मी म्हणायचे. हे हसायचे.

या सगळ्यांत एक पिस्तूल यांचं लाडकं होतं. चकमकीचं, म्हणजे गारगोटीच्या ठिणगीने बार उडवणारं. घोड्याच्या जबड्यात गारगोटीचा तुकडा, अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता, आणि तोल असा की हातात धरलं की नळी आपोआप समोर वळावी. विकणाऱ्याने ते अडगळीत टाकलं होतं. तिथे जमलेल्या जाणकारांनी नाकं मुरडली, पण हे म्हणाले, "मला दिसतंय ते तुम्हाला दिसत नाही." ते पिस्तूल म्हणजे यांच्या नजरेचं सर्टिफिकेट होतं.

मला मात्र पिस्तुलांपेक्षा आकाश आवडायचं, आणि ते मला त्यानेच शिकवलं. हे कबूल केलंच पाहिजे. त्याने आमच्या मागच्या बागेत त्याचा टेलिस्कोप आणून ठेवला. इथे डिसेंबरात शाळा सुटायच्या सुमारासच अंधारायला लागतं, त्यामुळे जेवणाआधी भरपूर आकाश मिळायचं. मी शाल गुंडाळून उभी राहायचे आणि तो मृगाच्या खांद्यावरचा तांबूस तारा दाखवायचा.

"हा काक्षी, वहिनी. वजनदार तारे उधळे असतात. सगळं इंधन भराभर उडवतात आणि लवकर म्हातारे होतात."

"आणि आपला सूर्य?"

"तो काटकसरी. पुष्कळ जगेल. शेवटी फुगेल, तांबडा होईल, वरची टरफलं हळूहळू सोडून देईल. मधे उरेल तो श्वेतबटू. पृथ्वीएवढा लहानसा पांढरा निखारा. तो नुसता निवत जायचा."

तेवढ्यात हे कॉफी घेऊन बाहेर यायचे. एकदा यांनी विचारलं, "आणि तुझे ते उधळे?"

"त्यांच्या पोटात शेवटी लोखंड साठतं, दादा. लोखंडातून ताऱ्याला काही ऊब मिळत नाही. मग तो आपल्याच वजनाने आत कोसळतो आणि फुटतो. लोखंड असं ताऱ्यांतूनच आलेलं. तुमच्या पिस्तुलांचंसुद्धा."

हे इतके खूश झाले की पुढे महिनाभर घरी येईल त्याला नळी दाखवून तेच सांगत सुटले.

मग यांचे हात थरथरायला लागले. पार्किन्सन्स. ऑपरेशनं थांबली ते यांनी सोसलं. पण एकदा फडक्याने पिस्तूल पुसताना ते हातातून निसटलं आणि गालिच्यावर पडलं, त्या दिवशी मात्र हे रडले. त्याच आठवड्यात म्हणाले, "विकून टाकू. माझ्यामागे तुझ्या गळ्यात हे लोढणं नको. फक्त चकमकीचं राहू दे."

विकायचं काम त्याने आपणहून अंगावर घेतलं. नोकरी सोडल्यापासून तो जुन्या वस्तूंच्या खरेदी-विक्रीत थोडंफार करायचाच. त्याने एकेक पिस्तूल नेलं, चोख व्यवहार केला. आणि शेवटी त्या दुपारी, नुसतं तपासायचं म्हणून, चकमकीचं पिस्तूल उघडून बघितलं.

मी चहा घेऊन बाहेर आले तेव्हा तो समजावत होता. एके काळी चकमकीची पिस्तुलं टोपीच्या बाराची, म्हणजे गारगोटीऐवजी स्फोटक टोपीवर घोडा आपटून उडणारी, करून घ्यायची पद्धत होती. पुढे जुन्याला भाव आला तशी काही लोकांनी ती उलटी फिरवून पुन्हा चकमकीची केली. तसंच हे. नळी खरी, पण वरचं यंत्र अलीकडचं. यांनी भिंग मागितलं. थरथरत्या हातात भिंग काही ठरेना. जरा वेळाने यांनी ते खाली ठेवलं.

"म्हणजे मीच फसलो," हे म्हणाले. "घेऊन जा. मला डोळ्यांसमोर नको."

"माझ्याकडे भिंतीवर राहील, दादा. तुमची आठवण म्हणून."

पुढच्या वसंतात हे गेले. त्या अवधीत यांनी पिस्तुलांचा विषय एकदाही काढला नाही. कोणी काढला तर म्हणायचे, "छे, मला त्यातलं काही कळत नव्हतं." अंत्यविधीच्या वेळी त्याने यांच्याविषयी इतकं सुंदर भाषण केलं की मी त्याचा हात धरून रडले.

वर्षभराने मुलीला बाबांच्या विकलेल्या पिस्तुलांपैकी एखादं परत हवंसं वाटलं. आम्ही दोघी एका हॉटेलच्या हॉलमध्ये भरलेल्या जुन्या हत्यारांच्या जत्रेला गेलो. तिथल्या एका म्हाताऱ्या विक्रेत्याने आम्हाला ओळखलं. यांच्याबद्दल हळहळला आणि कौतुकाने म्हणाला, "काय नजर होती तुमच्या यजमानांची! ते त्यांचं चकमकीचं पिस्तूल नंतर माझ्याच हातून विकलं गेलं. यंत्र मी स्वतः खोललं होतं. आत कुठे भरलेलं भोक नाही, डाग दिलेला नाही. बनवलं तसंच्या तसं."

"कोणी आणलं होतं विकायला?" मी विचारलं. खरं तर विचारायची गरज नव्हती.

"तुमचाच मित्र. तो म्हणाला, हे अस्सल आहे ते मी बघताक्षणीच ओळखलं होतं."

मुलगी माझा दंड धरून बाहेर घेऊन आली. आम्ही तिथून थेट ब्रॅकनेलला गेलो. त्याने दार उघडलं. "वहिनी! अहो, फोन तरी करायचा!"

"ते पिस्तूल खरं होतं," मी म्हणाले.

तो आधी म्हणाला की त्याची चूक झाली. मग म्हणाला, नंतर लक्षात आलं, पण तेव्हा दादा आजारी होते. मग म्हणाला, "मी भरपाई करतो."

"तुझी भरपाई जाळ. त्यांना खोटं का सांगितलंस तेवढं सांग."

तो जोड्यांच्या रॅककडे बघत राहिला. "खरं सांगितलं असतं तर त्यांनी ते दिलं नसतं, वहिनी."

इतकं साधं होतं ते. एका आजारी माणसाचा स्वतःच्या नजरेवरचा विश्वास मोडल्याशिवाय ती वस्तू सुटणार नव्हती, म्हणून याने तो मोडला. माझ्या घरात, मी केलेला चहा पीत. आणि आता खरं कळून उपयोग काय? ज्याला सांगायचं तोच उरला नव्हता.

वकील म्हणाले, वस्तू तुम्ही राजीखुशीने दिलीत, सिद्ध करणं अवघड आहे. मी नाद सोडला. पण कोणी विचारलं तर लपवायचं नाही, असं मात्र ठरवलं. मंडळाच्या दिवाळीच्या फराळाला वेम्बलीच्या हॉलमध्ये तो आलाच, नेहमीसारखा चकल्यांच्या टेबलापाशी. बायकांनी विचारलं, "तुम्ही दोघं बोलत का नाही?" मी सांगितलं, सगळं, पहिल्यापासून. एकजण म्हणाली, "बाई गं!" आणि दुसरी, जिच्या बाळंतपणात मी रात्र-रात्र बसले होते, ती म्हणाली, "जाऊ दे ना आता. जुनं पिस्तूलच ते. आणि तो किती करतो मंडळासाठी." बाकीच्यांनी मान हलवली. कोणीतरी त्याला करंजी नेऊन दिली.

 मी कोट घ्यायला वळले, तर मुलगी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिलेली. ती इथेच जन्मलेली, मराठीत भांडायची सवय नाही. तरी मराठीतच बोलली, मोठ्याने.

"काका, माझी बाबा चुकला नव्हता. तुला माहीत होता. तू ते बोल, आत्ता, सगळ्यांच्या समोर."

 तिचं व्याकरण दुरुस्त करायला नेहमी टपलेल्या बायकाही गप्प होत्या. त्याने हातातली करंजी टेबलावर ठेवली, आमच्यापैकी कोणाकडेही न बघता कोट शोधला आणि निघून गेला.