पेल्याखालचं पान

भूतखेत मी कधी मानलं नाही, आणि चमत्कारही फारसे मानत नाही... कॅथलिक बाईनं असं लिहू नये, पण लिहिते. फादरना ठाऊक आहे माझा स्वभाव. तेव्हा हे वाचून कुणी मला भोळी ठरवणार असेल तर खुशाल ठरवा. जे घडलं तेवढंच सांगणार आहे.

आमचं घर बोळिंजला. घरामागे केळी आणि पानवेलींची वाडी. आमचे हे, पास्कल, पानं खुडण्यात पटाईत. डावखुरे. डाव्या अंगठ्यात पत्र्याची नखी घालून शिडीवरून असे सरसर खुडायचे की खाली बसून पानांच्या चळती लावताना माझी तारांबळ उडे. त्यांनी खुडलेल्या पानाचा देठ उलटा तिरपा कापलेला असे, बाकीच्यांच्या बरोबर उलट. हजार पानांतून मी त्यांचं पान ओळखलं असतं.

गावात रीत अशी, की नव्या वेलाचं पहिलं पान क्रूसाच्या पायाशी ठेवायचं. सगळे ठेवत. आमचे हे मात्र लग्नाच्या वर्षापासून लबाडी करायचे. पहिलं पान गुपचूप माझ्या माठावरच्या उपड्या पेल्याखाली, आणि दुसरं क्रूसाला. मी एकदा घाबरून म्हटलं, पाप लागेल. तर म्हणाले, "देव काही पान खात नाही, तू खातेस." हे आम्हा दोघांशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं. कन्फेशनमध्येसुद्धा मी कधी सांगितलं नाही.

साधारण १९८०च्या सुमारास त्यांचं विसरणं सुरू झालं. पाठोपाठ पाठ वाकू लागली. मुंबईच्या डॉक्टरांनी डिमेन्शिया की काय तो शब्द सांगितला, मणक्यांचंही काहीबाही सांगितलं. गावाकडे सोपा शब्द होता — चळ लागला. तीन वर्षांत हे कमरेतून इतके वाकले की चालताना फक्त स्वतःचे पाय दिसत. त्यांचा चेहरा बघायचा तर मला जमिनीवर बसावं लागे. भरवायचं ते खालूनच, मान वर करून. माझी मान दुखायची, पण मी कुणाला बोलले नाही. बोलले असते तर ह्यांना दूर ठेवायला लोकांना तेवढंच निमित्त मिळालं असतं.

माझी नणंद इनेस माणिकपूरला दिलेली. वाईट बाई नाही, पण तिचं एकच पालुपद — वहिनी, तू मरशील अशानं, त्याला सिस्टरांच्या आश्रमात ठेवू. शेवटी तिनं परस्पर ठरवूनच टाकलं. सोमवारी आश्रमाची गाडी येणार होती, आणि ही शनिवारी संध्याकाळीच मुक्कामाला आली. मी तिला सरळ सांगितलं, हे या घरातून जातील ते सिमेट्रीतच. (घरी आम्ही आमच्या बोलीत बोलतो, इथे सगळ्यांना कळावं म्हणून साधं लिहिते.)

रविवारी उजाडताच मी पंप लावून वाडीला पाणी दिलं. पानांची आता एकच ओळ राखली होती. जुना वेल खाली उतरवून बुडाशी मातीत पुरला की तो नव्यानं चढतो, तसा तो वरपर्यंत चढला होता, म्हणजे रीतीनं नवाच, आणि पहिलं पान खुडायला गडी सोमवारी येणार होता. फाटकाला कुलूप घातलं, किल्ली गळ्यात. मग मी माठातलं पाणी प्याले, पेला झाकणावर उपडा घातला आणि चर्चमध्ये सातच्या मिसाला, म्हणजे रविवारच्या उपासनेला गेले. इनेस ह्यांच्याजवळ बसली.

परत आले तर तिनं पुन्हा तेच काढलं. माझा पारा चढला. म्हटलं, हे मला ओळखतात, मी कुठेही पाठवणार नाही. इनेस उठली, ह्यांच्यासमोर खाली बसली आणि माझ्याकडे बोट दाखवून विचारलं, "ही कोण?"

ह्यांनी मान तिरकी करून माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "पेज देते ती बाई."

इनेसच्या डोळ्यांत पाणी आलं, तेच मला जास्त लागलं. रडू फुटू नये म्हणून मी तिला पाणी द्यायला वळले आणि पेला उचलला.

खाली पान होतं. शेंड्याकडचं, कोवळं, पोपटी. देठ ओला. आणि उलटा तिरपा कापलेला.

मी पान इनेससमोर धरून म्हटलं, हे ह्यांनीच खुडलंय. इनेसला आधी वाटलं मीच नाटक करतेय. तिला हाताला धरून वाडीत नेलं. कुलूप जसंच्या तसं. आत सगळा चिखल, त्यावर बगळ्याच्या नखांखेरीज एक पाऊल नाही. तिसऱ्या वेलाच्या शेंड्याला, माझ्या डोक्याच्या वर चार हात, नुकत्याच कापलेल्या देठातून रस येत होता. शिडी घरात आढ्याला बांधलेली. नखी माझ्या ट्रंकेत. आणि इनेस शपथेवर सांगत होती की मी मिसाला असताना हे खुर्चीतून हललेही नाहीत. मग बांधावर बसूनच मी तिला आमची लबाडी सांगितली. 

कुणी म्हणेल, इनेसनंच ठेवलं. ती उजव्या हाताची आहे, शिडीला भिते आणि पेल्याचं तिला ठाऊक नव्हतं. कुणी म्हणेल, मीच ठेवलं आणि विसरले. म्हणा. फादर हळूच चमत्कार म्हणू लागले, तर त्यांनाही मी थांबवलं. चमत्कारानं पाठ सरळ झाली असती... ती झाली नाही. घरात येऊन मी ह्यांच्या पायाशी बसले, खालून तोंडाकडे बघत विचारलं, पान तुम्ही ठेवलंत का? तर म्हणाले, भूक लागली. मग मी पेज केली.

सोमवारी गाडी आली ती इनेसनंच परत पाठवली. पुढे तीन वर्षं हे माझ्याजवळ होते. त्यांनी मला परत कधीच ओळखलं नाही, आणि पानही परत आलं नाही. ते कुठून आलं, मला आजही सांगता येत नाही.

पण त्या सोमवारी गड्यानं वेलावरून पहिलंच म्हणून खुडलेलं पान मी क्रूसाच्या पायाशी नेऊन ठेवलं. सगळ्या गावाला वाटलं, आमच्या वाडीचं पहिलं पान. ते दुसरं होतं. पहिलं मी खाल्लं होतं.