दहा हजारांत एकसुद्धा नाही

महत्त्वाच्या कामाला निघणाऱ्याच्या हातावर दही-साखर ठेवायची, ही आमच्या घरची रीत. चार पिढ्या काशीत काढून आमचं मराठी निम्मं हिंदी झालं, पण दही-साखर काही सुटली नाही. त्या सकाळी बायको नंबर लावायला आधीच इस्पितळात गेली होती. आठ वर्षांच्या लेकीला घेऊन मागून यायचं, एवढंच माझ्याकडे होतं. निघताना मी तिच्या हातावर दही ठेवलं. ल्युकेमियाच्या गोळ्यांनी तिला सारखी भूक लागायची. तिनं तळहात चाटून लख्ख केला. तिला रिकाम्या पोटी आणा, असं बायकोनं आदल्या दिवशी तीनदा बजावलं होतं. तिन्ही वेळा मी मान डोलावली होती.

"बिटिया, सुबह से कुछ खाया तो नहीं?" नर्सनं विचारलं.

"बाबा ने दही-चीनी खिलाई."

खरं बोलायचं, हे तिला मीच शिकवलंय.

भूल द्यायची म्हणून तपासणी सहा तास पुढे गेली. लेक भुकेनं कावली आणि बायको माझ्यावर.

दुपारी तिच्या कमरेच्या हाडातून मॅरो, म्हणजे आतला मगज, काढला. महिनाभराच्या केमोनंतर दहा हजार पेशींत आजाराची एखादी जरी लपून राहिली असली, तरी या तपासणीत ती सापडते. आजार उलटायचा धोका किती, औषधं किती कडक द्यायची, हे त्यावर ठरणार होतं. मी गणिताचा मास्तर. आमच्यासारख्या दोन-दोन हजार पोरांच्या पाच शाळा एकत्र प्रार्थनेला उभ्या करायच्या आणि त्यातून एकच द्वाड पोर हुडकायचं, असा हिशेब मी मांडला. त्यानं झोप आणखीच उडाली.

चार दिवसांनी डॉक्टरांनी कागद पुढे सरकवला. "एक भी नहीं मिला, गुरुजी."

"दस हज़ार में?"

"दस हज़ार में. इलाज पूरा चलेगा, पर आज के दिन इससे अच्छी खबर नहीं हो सकती थी."

"तो अब समोसा मिलेगा?" लेकीनं विचारलं.

"बाहर का नहीं," डॉक्टर म्हणाले.

"घरी करते," बायको म्हणाली.

मी डॉक्टरांचा हात हातात घेतला आणि सोडायचा विसरलो. मग नर्सला हात जोडले, दारावरच्या गार्डला जोडले, पंखा दुरुस्त करायला शिडीवर चढलेल्या माणसालाही जोडले. बाहेर येऊन भिंतीला टेकलो आणि जो हंबरडा फोडला, तो अख्ख्या वऱ्हांड्यानं ऐकला. मिर्झापूरकडच्या एक आजी पाण्याची बाटली घेऊन धावत आल्या. "धीरज रखो, भइया. भगवान की मरज़ी."

"नहीं माताजी," मी हुंदक्यांतून म्हणालो, "बच्ची अच्छी है. रिपोर्ट अच्छी है."

आजींनी लेकीकडे पाहिलं. ती मजेत पाय हलवत बसली होती. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि बाटलीचं झाकण परत लावून टाकलं.

बायकोनं डोळे पुसत मला दंडाला धरून बाकावर बसवलं.

"अहो, औषधं अजून दोन वर्षं चालायची आहेत," ती म्हणाली. "सगळं आजच रडून संपवू नका."