मामाजींच्या जीपचा मजबूत ब्रेक

सासऱ्यांच्या, म्हणजे मामाजींच्या, जीपला मी स्वतः बसवलेला ब्रेक अतिशय भरवशाचा होता. एकदा लागला तो सुटलाच नाही!

धान घरात आलं होतं, थंडी मी म्हणत होती आणि दुसऱ्या दिवशी माझ्या मेव्हणीचं, मंदाचं, साक्षगंध म्हणजे साखरपुडा होता. तोही मुलाच्या गावी. बऱ्याच ठिकाणी फिसकटल्यावर ही सोयरीक जमत आलेली. नेमका त्याच दिवशी जीपच्या ब्रेकचा पाइप गंजून फुटला.

"मिस्त्रीले बोलवू का?" मामाजी म्हणाले.

"कायले मिस्त्री? मी हावो ना!" (ब्रह्मपुरीच्या गॅरेजसमोर मी रोज चहा पीत असे. एवढंच माझं शिक्षण!)

नवा पाइप आणला. ब्रेक ऑइलचा डबा वाटेतच गळायला लागला, म्हणून घरी येताच ऑइल खोकल्याच्या औषधाच्या रिकाम्या बाटलीत ओतलं आणि बाटली चुलीजवळ टेकवली. तिथेच सासूबाईंनी मामाजींच्या गुडघ्यांसाठी टोळीचं तेल पातळ व्हायला ठेवलं होतं. मोहाच्या बियांचं हे तेल थंडीत तुपासारखं थिजतं. तेही खोकल्याच्याच बाटलीत! (त्या वर्षी घरात सगळेच खोकत होते.)

संध्याकाळी मी जीपखाली, मामाजी पेडलवर.

"दाबा!"

"दाबलं!"

"सोडा!"

"सोडलं जी! पाय दुखून राह्यला!"

हवा निघाली, बाटली रिकामी झाली आणि ब्रेक लागला. मामाजींना गहिवरून आलं. "जावई नाई, इंजिनेर हाय!"

त्या जीपला हँडब्रेक होता, हे कोणाला आठवतही नव्हतं. अंगण तर थेट बोडीच्या, म्हणजे छोट्या तळ्याच्या, पाण्याकडे उतरलेलं. त्यामुळे नेहमीच्या रीतीने मामाजींनी ब्रेक दाबून पेडल आणि सीटच्या मध्ये लाकूड अडकवलं, गुडघ्यांना मालिश करून घेतली आणि झोपले.

सकाळी सगळे नटूनथटून जीपमध्ये बसले. मामाजींनी लाकूड काढलं. पेडल जागचं हललं नाही! इंजिन गरजलं, धूर निघाला, जीप तिथेच. सगळे उतरले. साड्या खोचून बायकांनीही ढकललं. चाक इंचभर फिरेना.

"ब्रेक लय मजबूत बसला जी," मामाजी धापा टाकत म्हणाले.

तेवढ्यात सासूबाई बाटली घेऊन आल्या. "अजी, एवढ्या थंडीत हे तेल थिजलं काऊन नाई? पाण्यावाणी हाय!"

मी बाटली हुंगली आणि माझंच तेल थिजलं. टोळीचं तेल ब्रेकमध्ये गोठलं होतं आणि ब्रेक ऑइल मामाजींच्या गुडघ्यांत मुरलं होतं!

"तरीच!" मामाजी म्हणाले. "गुडघे मोकळे वाटून राह्यले!" (सासूबाईंनी ते साबणाने घासघासून धुतले.)

मंदाने मात्र डोळ्याला पदर लावला. "भाऊजी, तुमच्या ब्रेकनं माह्यं लग्नच थांबवलं!"

शेजारचे शिवरामभाऊ कुंपणापलीकडून सगळं बघत होते. त्यांनी एकाही शब्दाने मला हिणवलं नाही. सरळ बैलगाडी जुंपून आणली.

"रडू नको वो बाई. माहे बैल थंडीत थिजत नाई."

आम्ही पोचलो तेव्हा जेवणाची वेळ टळत आली होती. मुलाचे वडील वेशीवर तोंड पाडून उभे होते. गाडी पाहून ते एकदम हसले. "जीपवाले सोयरे म्हणून आमाले धाक होता. तुमी तं आमच्यावाणीच निघाले!" मंदाला कुंकू लागलं तेव्हा मी शिवरामभाऊंचे पाय धरले. ते लाजून बैलांना वैरण टाकायला पळाले. त्या माणसाचे आणि त्या बैलांचे उपकार मी आजही विसरलेलो नाही.

मंदाचा संसार छान चालला आहे. मामाजी गुडघे दुखले की अजून विचारतात, "जावईबापू, जीपचं तेल हाय का?" आणि जीपच्या दुरुस्तीत मला आता फक्त हॉर्न वाजवून पाहायची परवानगी आहे, तीही शिवरामभाऊंचे बैल घरी असतील तरच!