अवीच्या टाकीतलं शेवाळ

फोन मंजिरीचा होता. "ताई, अवी गेला," ती म्हणाली. मग म्हणाली, "टाकीचे दिवे लागले म्हणून मी उठून बघितलं, तर…" कोथरूडहून बिबवेवाडीला रिक्षानं पोचेपर्यंत मी त्या रिक्षावाल्याशी सिग्नलवरून भांडत होते, हे मला अजून आठवतंय. भांडण्यासारखं दुसरं कोणी समोर नव्हतं. वर गेले तेव्हा हॉल निळ्या उजेडानं भरला होता. शेवटी शेवटी अवीचा पलंग हॉलमध्येच, त्याच्या माशांच्या टाकीसमोर लावला होता आणि तो निळा उजेड त्याच्या चेहऱ्यावर पडला होता. शेजारच्या गृहस्थांनी हळूच विचारलं, "लाईट बंद करू का?" मंजिरी म्हणाली, "नको. ते आपोआप लागतात, आपोआप बंद होतात." आई पलंगाच्या उशाशी खुर्चीत बसली होती. तिच्या हातात वाटी होती. सकाळची रव्याची पेज. ती वाटी तिच्या हातून काढून घ्यायला आम्हाला बराच वेळ लागला.

अविनाश माझा धाकटा भाऊ. खडकीच्या कारखान्यात प्रयोगशाळेत होता. तिथे काय तपासायचा ते त्यानं घरी कधी सांगितलं नाही, आणि आम्हीही विचारलं नाही. बरीच वर्षं तिथल्या क्वार्टरमध्ये काढली, मग बिबवेवाडीत फ्लॅट घेतला. बायको मंजिरी, तो आणि आमची आई. मूलबाळ नाही. एके दिवशी त्यानं फोन करून सांगितलं, "ताई, मी समुद्र पाळलाय, बघायला ये." मला वाटलं लाल-सोनेरी मासे असतील, वर बुडबुडे सोडणारा पाणबुड्या. जाऊन बघते तर काचेच्या छोट्याशा टाकीत नुसते दगड आणि पाणी. "हे बघायला मला रिक्षानं बोलावलंस?" मी म्हटलं. तो म्हणाला, "दगड जिवंत आहेत." माझ्या भावाचं डोकं फिरलं असं माझं त्या दिवशी प्रामाणिक मत झालं.

हळूहळू कळलं, की ते खाऱ्या पाण्याचं प्रकरण आहे. शुद्ध पाण्यात खास मीठ मोजून घालायचं, ते फिरतं ठेवायचं, ऊब सांभाळायची, आणि मग त्या दगडांवर प्रवाळ वाढवायचं. प्रवाळ म्हणजे आम्हाला अंगठीतलं पोवळं एवढंच माहीत. हे मऊ होतं, फुलायचं, मिटायचं, पाण्याबरोबर डोलायचं. त्याचा दिवा त्यानं स्वतः बनवला. दर शनिवारी बुधवार पेठेत जाऊन एलईडी, पंखे, तारा घेऊन यायचा. तिथल्या एका दुकानदारानं म्हणे विचारलं, "साहेब, एवढे निळे दिवे कशाला? डीजे लावताय का?" अवी म्हणाला, "हो. पण वाजवत नाही." असं तिरकं बोलणं आमच्या घरात सगळ्यांनाच येतं. त्याचं मात्र कुणाला लागायचं नाही.

पहिल्याच वर्षी शेवाळ आलं. आधी दगडांवर तपकिरी साय धरली, मग हिरवे केस उगवले. लांब, मऊ, पाण्यात हलणारे… दिसायला छान, आणि त्यांच्याखाली प्रवाळ गुदमरून मरायचं. अवी हात कोपरापर्यंत पाण्यात घालून बसायचा. एका हातात दात घासायचा जुना ब्रश, दुसऱ्या हातात नळी. ब्रशनं खरवडायचं आणि सुटलेला प्रत्येक धागा लगेच नळीनं ओढून घ्यायचा, नाहीतर तो दुसरीकडे जाऊन रुजतो. मी म्हटलं, "बाजारात काही औषध मिळत नाही का?" "मिळतं," तो म्हणाला, "पण औषध शेवाळ मारतं, कारण मारत नाही." मग त्यानं एकदा टाकीवर काळी चादर घालून दिवे बंद ठेवले, म्हणजे उजेडावाचून शेवाळ मरेल. समोरच्या काकू तीर्थप्रसाद द्यायला आल्या आणि हॉलमध्ये ते काळं झाकलेलं बघून कुजबुजल्या, "अहो, कोण गेलं का?" अवी म्हणाला, "अजून नाही."

शेवटी त्याला जे कारण सापडलं ते आमच्याच घरात होतं. सगळेजण माशांना खायला घालत होते. आलेला प्रत्येक पाहुणा चिमूटभर टाकायचा, शेजारची पोरं टाकायची, आणि सगळ्यात जास्त आई टाकायची. माशांनी न खाल्लेलं दगडांच्या फटीत कुजतं, आणि शेवाळ त्याच्यावर पोसतं. अवीनं टाकीवर पाटी लावली: 'माशांचे जेवण झाले आहे. आपले झाले नसल्यास स्वयंपाकघरात सांगावे.' आईचा आणि त्याचा यावरून रोजचा वाद.

"अरे, बघ ना कसे वर तोंड करून बघतायत. भुकेले आहेत."

"आई, मासे कायमच भुकेले दिसतात. देवानं तोंडच तसं दिलंय."

"एक दिवसाआड जेवण म्हणजे काय रे? तुला ठेवलं होतं का मी तसं?"

"नाही ठेवलंस. म्हणून तर माझं पोट असं आहे." मग तो माझ्याकडे वळून म्हणायचा, "ताई, आजवर एकही टाकी उपाशी मेलेली मी ऐकली नाही."

खाणं कमी झालं आणि खरंच टाकी निवळली. दगड जांभळट झाले, गोगलगायी काचेवरून फिरायला लागल्या. नारिंगी-पांढऱ्या माशांची जोडी होती, आणि मधोमध एक हिरवं प्रवाळ, ज्याच्या टोकांना हातोडीसारखा आकार असतो. एका छंदिष्ट मित्रानं अवीला त्याचा अंगठ्याएवढा तुकडा दिला होता. तो वाढून ओंजळीएवढा झाला. अवी कामावरून आला, की चपला काढायच्या आधी ते फुललंय का बघायचा. मंजिरी म्हणायची, "मी आजारी पडले तर मला हिरवा रंग फासा, म्हणजे लक्ष जाईल." आजारी मात्र तोच पडला.

अन्ननलिकेचा कर्करोग. आधी पोळी अडकायला लागली, मग भात, मग पाणीसुद्धा. ज्या घरात कुणी आलं की पहिला प्रश्न 'जेवलास का' असतो, त्या घरात हा आजार यावा याचा मला अजून राग येतो. कुणावर येतो ते सांगता येत नाही. नळीतून पोटात अन्न द्यायला लागले तरी आईचा स्वयंपाक थांबला नाही. पेज, मऊ भात, खिरी. वाटी घेऊन ती त्याच्यासमोर बसायची. डॉक्टरांनी सांगितलं, मी सांगितलं, मंजिरीनं रडून सांगितलं. आईचं एकच म्हणणं, "एक घास. चवीपुरता." आणि अवी, जो एकेकाळी तिला माशांना चिमूटभर टाकू द्यायचा नाही, तो तोंड उघडायचा. घास तोंडात धरायचा, मान हलवायचा, छान झालंय म्हणून खूण करायचा. मग भिंतीला धरत उठून बेसिनपाशी जायचा. नळ मोठा सोडायचा. पुढे उठवेना, तेव्हा उशाशी रुमाल ठेवायला लागला. आमच्यापैकी कुणीच त्यावर कधी बोललं नाही.

तो गेल्यावर सुतकाच्या दिवसांत घरात माणसांची रीघ होती. हॉलमध्ये सतरंजी, कोपऱ्यात समई आणि समोर ती टाकी. अशा वेळी कुठे बघावं ते माणसांना कळत नाही, मग सगळे माशांकडे बघायचे. 'अवीचे मासे' म्हणून कुणीतरी डबा उघडून खाणं टाकायचं. जाताना आणखी कुणीतरी. पाटी मंजिरीनं त्याच्या आजारपणातच काढून ठेवली होती, तेव्हा ती वाचून हसायला येईना. तेरावं होईपर्यंत दगडांवर हिरवी लव आली होती. मंजिरीनं डबा कपाटात कुलपात टाकला. अवीनं अंथरुणावरून तिला सगळं शिकवलं होतं, त्याप्रमाणे पाणी बदललं. मी दर आठवड्याला जाऊन ब्रश आणि नळी घेऊन बसायला लागले. मला वाटत होतं, अवीनं स्वतःच्या हातानं वाढवलेलं या जगात तेवढंच उरलंय, आणि ते मी जाऊ देणार नाही. काही झालं तरी नाही.

पण शेवाळ हटेना. डबा कुलपात, दिवे कमी केलेले, पाणी बदललेलं, आणि तरी पुढच्या आठवड्यात पुन्हा तेवढेच केस. गोगलगायी मरून पडायला लागल्या. हातोडीच्या प्रवाळाची एकेक फांदी आत ओढली जायची, आणि मागे उरलेल्या पांढऱ्या सांगाड्यावर हिरवं चढायचं. अवी मीठ जिथून घ्यायचा त्या दुकानात मी फोन केला. दुकानदारानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मॅडम, खायला कोण घालतंय?" "कुणी नाही," मी जरा चिडूनच म्हटलं. तो म्हणाला, "कुणीतरी घालतंय."

त्या दिवशी मी न सांगता दुपारी गेले. मंजिरी कामावर होती, दार शेजारच्यांकडच्या किल्लीनं उघडलं. आई टाकीपाशी स्टूलवर बसली होती. मांडीवर वाटी. वाटीतलं शीत बोटांत कुस्करायची, पाण्यावर धरायची आणि मासा वर येईपर्यंत थांबायची. मी दारात उभी आहे हे बघूनही ती दचकली नाही.

"मऊ केलाय भात," म्हणाली. "बघ कसे घेतात."

"आई, रोज घालतेस?"

"दोन्ही वेळा. मीठ नाही घालत. त्यांच्या पाण्यात असतंच ना."

मी सरळच बोलले. म्हटलं, "आई, तुझ्या भातानं टाकी मरतेय. हे हिरवं सगळं त्यानंच वाढलंय. अवीनं तुला किती वेळा सांगितलं होतं." तिनं बोटं पदराला पुसली. मग म्हणाली, "हे गिळतात गं. तो माझ्यासमोर तोंडात धरायचा, आणि आत जाऊन टाकून यायचा. नळ सोडला म्हणून मला कळत नव्हतं का?" वाटी मांडीवरून उचलत म्हणाली, "त्याला सोसलं नाही, आता यांनाही माझ्या हातचं सोसत नाही म्हणायचं…" आणि उठून वाटी घासायला घेऊन गेली.

मी म्हणाले ते खरंच होतं. अवीनंही तेच सांगितलं असतं. त्यानंतर आईनं टाकीत काही टाकलं नाही. तिची खुर्ची तिनं खिडकीकडे वळवून घेतली. पाणी निवळायला लागलं, माझ्या हाताला केस कमी लागायला लागले. मी खूश होते, उगाच कशाला खोटं बोलू. मग मंजिरीचा फोन आला. म्हणाली, "ताई, टाकी सुधारतेय. पण आई जेवत नाहीत. ताट तसंच परत येतं. विचारलं तर म्हणतात, जेवले." डॉक्टर घरी येऊन गेले. त्यांना काही सापडलं नाही. वय झालं म्हणाले. मी गेले तेव्हा आईच्या हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. ज्या घरात माझा भाऊ उपाशी गेला, त्याच घरात आता ही.

त्याच वेळी मी टाकीत बघितलं. मेलेल्या प्रवाळाच्या एका फांदीतून नवं टोक बाहेर आलं होतं. बोटाच्या पेराएवढं, हिरवंगार, हातोडीच्या आकाराचं. अवी असता तर आधी मला फोन केला असता आणि ये म्हणाला असता. मी वाकून ते बराच वेळ बघितलं. अगदी मन भरेपर्यंत. मग स्वयंपाकघरात गेले, भात परत शिजवून मऊ केला, वाटीत घेतला आणि आईच्या खुर्चीपाशी गेले.

"चल, घाल त्यांना."

"नको. मरेल ते सगळं. तूच म्हणालीस."

"मरू दे," मी म्हटलं. "घाल तू."

मी तिला धरून स्टूलवर बसवलं. तिनं शीत कुस्करलं, पाण्यावर धरलं. मासे लगेच वर आले. "एक त्यांना, एक तुला," मी म्हटलं. तिनं माझ्याकडे बघितलं, आणि दुसरं शीत स्वतःच्या तोंडात घातलं. मी तिच्या घशाकडे बघत होते. तिनं तो घास गिळला.

त्यानंतर शेवाळानं सगळं घेतलं. नवं टोक तर पहिल्याच आठवड्यात झाकलं गेलं. मी अजून दर आठवड्याला जाते, हात कोपरापर्यंत घालून उपटते, आणि पुढच्या खेपेला ते पुन्हा तेवढंच असतं. मासे आहेत. आई दोन्ही वेळा जेवते.