टॉवरखालची चौदा स्टेशनं

"चौदा! एका टॉवरवरून चौदा ठिकाणी ब्रॉडकास्ट!" तपासणीला आलेले साहेब माझ्याच मशीनच्या पडद्यावर बोट आपटत ओरडले. "स्टेशनला सील. लिहा पंचनामा."

स्टेशन म्हणजे डोंगरकड्याजवळचं आमचं लहानसं एफएम रेडिओ केंद्र. ट्रान्समीटरची देखभाल माझ्याकडे. त्यावर शेळ्यामेंढ्यांचे बाजारभाव, लसीकरणाच्या तारखा आणि केंद्र चालवणाऱ्या सुनंदाताईंचा आवाज. हा आवाज ट्रान्समीटर बंद असला तरी पार तालुक्याच्या कळमनुरीपर्यंत जातो. कुंपणालगतच्या आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या घरात, राहणाऱ्या शेजाऱ्यानं तक्रार केली होती, "यांच्यापायी माझ्या रेडिओवर दुसरं काही लागंना." मंजूर नंबर, म्हणजे फ्रिक्वेन्सी, सोडून दुसरीकडे सिग्नल सापडला, तर केंद्र बंद.

आणि पडद्यावर उभ्या चौदा रेघा.

मशीन म्हणजे स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझर. हवेत कुठल्या नंबरवर किती जोराचा सिग्नल आहे, ते रेघांच्या उंचीनं दाखवतो. मोठा घ्यायला ट्रॅक्टर विकावा लागतो. माझा पानाच्या डबीएवढा, एका बोकडात येतो. साहेबांचा मोठा दुरुस्तीला गेला होता, म्हणून मीच फुशारकी मारत माझा पुढं केला. म्हणजे ताईंचं केंद्र माझ्याच मशीनपायी बुडणार!

"दादा, हे काय करून ठेवलं तुमी?" ताईंचा आवाज जन्मात पहिल्यांदा खाली आला.

तेव्हा कुठं माझी ट्यूब पेटली. कुंपणाच्या आत सावली एकच, टॉवरच्या खोलीची. म्हणून साहेबांची खुर्ची तिथं, म्हणून टेबल तिथं, म्हणून मशीनही तिथं. थेट अँटेनाच्या पायाशी! तिथं सिग्नल इतका दांडगा, की चार मिनिटं उभं राहिलं तर दातातली चांदी बाजारभाव सांगायला लागते. एवढा लोंढा घुसला की स्वस्त मशीन गुदमरतं आणि नसलेल्या रेघाही काढत सुटतं.

यावर इलाज अ‍ॅटेन्युएटर. बोटाच्या पेराएवढा धातूचा तुकडा, सिग्नल ठरल्या मापानं कमी करणारा. खिशातून काढून जोडला. तेरा रेघा गायब. एक उरली, थोडी बुटकी.

पंच म्हणून बसवलेले मेंढपाळ मारोतीआबा पुढं वाकले. "एक जागेवर बसलं अन् तेरा पळाले. काहून?"

"आबा, सिग्नल कापू तेवढीच खरी रेघ उतरते. खोट्या मशीन गुदमरल्यानं आलेल्या, त्या पार धूम ठोकतात."

"तुम्ही पुरावा दाबताय," साहेब म्हणाले.

मी तुकडा काढून खिशात टाकला. ताईंना ट्रान्समीटर बंद करायला सांगितलं. पडदा साफ झाला.

"साहेब, तुमचा वॉकीटॉकी जरा दाबा बरं. इथूनच, चार पावलांवरून."

साहेबांनी ऐटीत बटण दाबलं. वॉकीटॉकी बोलतो एकाच नंबरवर, तरी पडद्यावर रेघांची जत्राच उसळली. आबा बोट ठेवून मोजायला लागले. "...सोळा, सतरा! साहेब, तुमचे तर आमच्यापरीस तीन जास्त व्हय!"

"आबा, सही करून राहिले ना?" ताईंचा आवाज परत कळमनुरीला पोचला. "मग आधी ह्यांच्या पंचनाम्यावरच करा!"

साहेब खुर्ची सोडून उठले. ताईंनी ट्रान्समीटर सुरू केला, मी अ‍ॅटेन्युएटर जोडला आणि साहेबांसोबत उन्हात अर्धा किलोमीटर चालत जाऊन मोजलं. रेघ एकच, मंजूर नंबरवर. साहेबांना पंचनाम्यात 'दोष आढळला नाही' असं लिहावं लागलं. शेजाऱ्याच्या रेडिओचंही दुखणं तेच होतं, टॉवरच्या फार जवळ. त्याला रेडिओचं एरियल आत ढकलायला लावलं, तर सिग्नल कमी घुसला आणि दुसरी स्टेशनं लागली.

तेव्हापासून माझा नियम आहे. दांडग्या सिग्नलापुढं स्वस्त मशीन घाबरून बडबडतं, म्हणून आधी सिग्नल कापायचा, मग मोजायचा. साहेबांना जोडायचा अ‍ॅटेन्युएटर मात्र अजून बाजारात आलेला नाही.