मेजावर एकच डबी

माझ्या बहिणीचा नवरा एल्डन काडतुसं घरीच भरायचा. मोंटानातल्या आमच्या खोऱ्यात पुष्कळ जण भरतात, पण बाकीच्यांना घाई असते, एल्डनला नसायची. तो तळघरात मेजाशी बसला की वरून वर्ना ओरडायची, "माझ्याशी लग्न ठरवायला याला एक नाच पुरला, आणि टिकली निवडायला सबंध हिवाळा लागतो!"

टिकली म्हणजे काडतुसाच्या बुडाशी बसवतात ती. चाप ओढला की सुई तिच्यावर आपटते, ती पेटते, ती दारूला पेटवते आणि बार होतो. दिसायला सगळ्या मसुरीच्या दाण्यासारख्या, पण कुणी मवाळ, कुणी कडक. उन्हाळ्यात नेमबाजीला मवाळ चालून जाते. नोव्हेंबरात नाकातले केस गोठतात, तेव्हा थंडगार दारू मवाळ टिकलीला चटकन दाद देत नाही, कधी बार क्षणभर उशिराच होतो. आतल्या बाजूला रंगाचा जरासा फरक असतो, तोही उजेडात धरून बघावा लागतो. म्हणून एल्डनचा नियम होता: मेजावर एका वेळी एकच डबी. उरलेल्या टिकल्या तिच्याच डबीत, डबी कपाटात, मगच दुसरीला हात. हा नियम त्याने चर्चच्या जेवणावळीत पाद्रीबाबांनासुद्धा ऐकवला होता. त्यांच्याकडे तर बंदूकही नव्हती.

मग एका वर्षी वर्नाचं नाव मूसच्या सोडतीत लागलं. मूस म्हणजे घोड्याच्या उंचीचं काळं सांबर. त्याचा परवाना आमच्याकडे नशिबात असेल तर आयुष्यात एकदा मिळतो. वर्ना लग्नाआधीपासून अर्ज करत होती. चिठ्ठी आली त्या दिवशी ती पीठभरल्या हातांनीच माझ्याकडे धावत आली. "कोरा, मिळाला गं! आता गुडघे तेवढे टिकू देत!"

एल्डन तर हवेतच होता. बायकोची काडतुसं आपण भरणार, आणि कडक टिकली घालूनच भरणार, हे त्याने गावभर सांगितलं. एक गोष्ट मात्र कुणाला सांगितली नाही. त्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकत होता. चष्मा बदल म्हटलं तरी अंगावर यायचा. "माझी बोटंच बघतात," म्हणायचा. मोठा आला बोटांनी बघणारा!

नोव्हेंबरात दोघं गेली, परत आली ती रिकाम्या हातांनी. वर्नाने मूस गाठला होता, जवळून, उभाच्या उभा. गोळी मागच्या पायाला लागली आणि तो लंगडत झाडीत शिरला. उजेड होता तोवर त्यांनी माग काढला, दुसऱ्या दिवशीही काढला. पुढे बर्फ पडलं आणि रक्ताचा माग बुजला. कायद्याने तिला दुसरा मूस मारता आला असता. पण आमच्या घरात एक रीत आहे, वडिलांनी घालून दिलेली: जखमी केलं आणि हरवलं, तर ते मारलंच म्हणायचं. वर्नाने बर्फात उभं राहून, जनावर मारल्यावर करतात तसं, परवान्यावरचा महिना आणि तारीख चाकूने कापून काढली आणि शिकार संपवली.

"चाप ओढताना माझं डोकं बंदुकीवरून वर उठलं. चूक माझी," एवढंच तिने सगळ्यांना सांगितलं. कॉफीच्या दुकानात मग तेच सुरू झालं. "काय वर्ना, मूसच्या नखाला पॉलिश लावून आलीस म्हणे?" ती हसायची, वर आपणच एखादा विनोद जोडायची. शेजारी एल्डन कपात बघत बसायचा.

नाताळच्या आधी आम्ही दोघी माझ्या स्वयंपाकघरात बटाट्याच्या पोळ्या लाटत होतो. वर्ना लाटता लाटता थांबली. म्हणाली, "कोरा, आधी टिक झालं. नुसतं टिक. मला वाटलं फुसका निघाला, म्हणून मी डोकं उचललं. आणि मग बार झाला."

"म्हणजे टिकली!"

"मवाळ होती. भरताना मेजावर दोन्ही डब्या असणार. आल्यापासून तो तळघराला आतून कडी लावून बसतो. उरलेली काडतुसं खोलून बघितली असणार त्याने. त्याला कळलंय."

"मग झाड ना त्याला! गाव तुला हसतंय."

"हसू दे. डोकं उचलायला नको होतं, ते खरंच आहे. टिक झालं तरी बंदूक धरून ठेवायची, हे बाबांनी शिकवलंच होतं." तिने पोळी उलटली. "त्याने फक्त येऊन सांगावं. मी हसून सोडून देईन. पण सांगायचं त्याने. तू मध्ये तोंड घालायचं नाहीस, शपथ आहे."

मी तोंड घातलं नाही. पण त्याच्याशी बोलताना माझी जीभ तिखट झाली ती कायमची. वर्नाने पुन्हा बंदूक उचलली नाही. शिकारीचे दिवस आले की ती त्याला डबा बांधून द्यायची आणि दारात उभी राहायची. दोघं एका घरात सुखाने राहिली, हेही खोटं नाही. फक्त मूसचा विषय निघाला की एल्डनला गोठ्यात काहीतरी काम आठवायचं.

मग वर्नाला आजार झाला. इस्पितळातल्या शेवटच्या आठवड्यात मी उशाशी होते, एल्डन तिचे पाय चेपत होता. ती एकदम म्हणाली, "एल्डन, त्या मूसच्या वेळची काडतुसं उरली होती ना रे? काय केलंस त्यांचं?"

त्याचे हात थांबले. मी मनात म्हटलं, बोल मेल्या, आता तरी बोल.

"वापरून टाकली," तो म्हणाला.

"बरं," वर्ना म्हणाली आणि तिने डोळे मिटले.

तिला पुरून आल्यावर लोक बटाट्याचं भरीत आणि हॅम खाऊन पांगले. मी भांडी विसळत होते. एल्डन पंचा घेऊन पुसायला उभा राहिला आणि एकच ताटली पुसत बसला.

"कोरा, ती चूक तिची नव्हती," तो म्हणाला. "मी दोन डब्या काढल्या होत्या. उरलेल्या भलत्याच डबीत ओतल्या. मला दिसत नव्हतं. तिला कळलं असतं तर माझ्या हातच्या काडतुसावर तिने पुन्हा विश्वास टाकला नसता, म्हणून… ती जन्मभर स्वतःला बोल लावत गेली."

शपथ जिने घातली होती ती आता नव्हती. रागही इतका जुना होता की तोंडातून शब्द थंडच निघाले. "तिला ठाऊक होतं, एल्डन. पहिल्या दिवसापासून. टिक तिने ऐकलं होतं."

"मग बोलली का नाही?"

"तू बोलशील म्हणून थांबली होती. हसून सोडून देणार होती."

त्याने ताटली ओट्यावर ठेवली. मग त्याचा चेहरा एकदम पडला. मला कळलं, त्याला इस्पितळ आठवलं.

"म्हणजे तिने ते विचारलं, तेव्हा…"

"हो."

"आणि मी म्हटलं, वापरून टाकली."