मामीनं धरलेलं कपाट

सरकारवर मनापासून विश्वास ठेवणारं माणूस आपल्या देशात एकच उरलं आहे, आणि ते म्हणजे माझी मधली मामी. राजकारणाशी तिचा काडीचा संबंध नाही. तिचा विश्वास अगदी साधा आहे. सरकारनं एखादी गोष्ट फुकट ठेवली असेल तर ती आपल्यासाठीच ठेवलेली आहे, आणि ती न वापरणं म्हणजे पेरलेल्या रानाकडे पाठ फिरवणं. "वापरलं नाय की तण माजतं," असं तिचं म्हणणं. बागेतला बाक, तहसीलच्या आवारातली पाणपोई, पोस्टात सुतळीनं बांधून ठेवलेलं पेन, या सगळ्यांचा तिनं आयुष्यभर मन लावून वापर केला. स्वतःचं पेन पर्समध्ये असताना ती पोस्टातल्या पेनासाठी रांगेत उभी राहते. पण ही सगळी नुसती तालीम होती. खरी कुस्ती लागली ती मामी आमच्या शहरातल्या सरकारी ग्रंथालयात शिरली तेव्हा.

मामी मूळची फुलंब्रीकडची. माहेर शेतकरी, सासर शेतकरी. मामाला शहरात कारखान्यात नोकरी लागली म्हणून दोघं मुकुंदवाडीला आली आणि तिथलीच झाली. पोरं मार्गी लागली, मामा निवृत्त झाला, आणि एका उन्हाळ्यात शहागंजातून कैऱ्यांची पिशवी घेऊन परतताना मामीला तहान लागली. समोर ग्रंथालय होतं, दारात पाण्याची टाकी होती. पाणी पिऊन ती पायरीवर टेकली, तेव्हा तिथले शिपाई चाचा, मोठा भला माणूस, तिला म्हणाले, "अम्मा, धूप में कायकू बैठे? अंदर बैठो, पंखा चालू है. सब मुफत है."

"सब म्हंजे?" मामीनं विचारलं.

"सब," चाचा म्हणाले. आपण काय बोलून बसलो हे त्यांच्या लक्षात यायला पुढे बरेच दिवस लागले.

दुसऱ्या दिवसापासून मामी ग्रंथालयाच्या दारात चाचांच्याही आधी हजर राहू लागली. वर्तमानपत्रांच्या दालनात पेन्शनर मंडळींचा कब्जा होता. त्यांनी पहिली पानं आपसांत वाटून घेतलेली असत, म्हणून मामीनं कोणालाच नको असलेली पानं धरली. निविदा, हरवले-सापडले, नावात बदल, सगळं ती बारकाईनं वाचायची. पुढे एखाद्या पेन्शनरानं राजकारणावर तोंड उघडलं की ही मधेच सांगायची, "ते असू द्या, जालन्याच्या एका माणसाचं बारावीचं सर्टिफिकेट हरवलंय." व्याख्यान कसलंही असो, मामी पहिल्या रांगेत. मागे का नाही बसत, असं मी एकदा विचारलं तर म्हणाली, "मागं बसल्यावर फुकटचं अर्धंच ऐकू येतं." एकदा एक कवी आपल्या कविता समजावून सांगायला आले होते. शेवटी कोणाला काही विचारायचंय का म्हटल्यावर मामी उठली आणि अतिशय कळवळ्यानं म्हणाली, "दादा, तुम्हाला घरात कोणी तरास देतं का?" कवी गहिवरले. इतक्या गावांत फिरलो, पण माझ्या कवितेच्या मुळाशी आजवर कोणी गेलं नव्हतं, असं ते म्हणाले म्हणे.

कोपऱ्यात वाचकांसाठी एक संगणक होता. त्यावर नोकरीचे अर्ज भरणाऱ्या एका मुलीकडून मामीनं उपग्रहातून दिसणारं आपलं गाव शोधून घेतलं. आधी मारुतीचं देऊळ सापडलं, मग विहीर, मग शेत. शेत दिसल्यावर मामी बराच वेळ पडद्याला नाक लावून बसली आणि मग तिथूनच गावाकडे धाकट्या दिराला फोन लावला. "भाऊजी, बांध सरकलाय! मला वरून दिसतंय." दिरानं घाबरून त्याच संध्याकाळी बांधावर जाऊन खुणा बघितल्या. बांध जागच्या जागी होता, पण तेव्हापासून तो माणूस शेतात नुसता बसलेला असला तरी अधूनमधून वर आभाळाकडे बघतो.

हे सगळं झाल्यावर मामी पुस्तकांकडे वळली. ग्रंथपालबाई तिच्या मुलीच्या वयाच्या. त्यांनी आपुलकीनं विचारलं, "मावशी, कुठलं पुस्तक देऊ?"

"पहिलं."

"पहिलं म्हणजे? कथा, कादंबरी, देवाधर्माचं?"

"कडंचं पहिलं," मामी म्हणाली आणि खिडकीशेजारच्या कपाटाकडे बोट दाखवलं.

बाईंना ते कळलं नाही. मला कळलं, कारण मी मामीच्या शेतात सुट्ट्या काढल्या आहेत. खुरपणीला बायका बसतात तेव्हा प्रत्येक बाई एक पात धरते, म्हणजे आपल्या वाट्याची एक ओळ. या बांधापासून त्या बांधापर्यंत ती ओळ तिची. मधे गवत दाट लागो, काटे लागोत, आपली पात सोडून शेजारच्या सोप्या पातीत घुसायचं नाही. घुसली तर त्या बाईला पुढच्या हंगामात कोणी बोलावत नाही. मामीनं ते कपाट असं धरलं. घरी पुस्तक न्यायचं तर अनामत ठेवावी लागते, तिथं बसून वाचायला काहीच लागत नाही, एवढं तिनं विचारून घेतलं आणि खिडकीखालच्या खुर्चीवर बैठक मारली.

आता ग्रंथालयातली पुस्तकं विषयांच्या क्रमानं लावलेली असतात, आणि या क्रमाच्या अगदी सुरुवातीला असतं ग्रंथालयशास्त्र. त्यामुळे ग्रंथालय कसं चालवावं हे मामीनं आधी वाचून काढलं, आणि ग्रंथपालबाईंचे हाल सुरू झाले. "म्याडम, या पुस्तकांवर ऊन येतंय, पडदा लावा. तुमच्याच पुस्तकात लिवलंय." पडदा आला. मग धूळ झटकायची पद्धत निघाली, मग कसर लागू नये म्हणून काय करावं ते निघालं. चाचा हातात फडकं घेऊन कपाळाला हात लावायचे. पंखा बंद करायची वेळ झाली की ते हळूच म्हणायचे, "अम्मा, टाइम हो गया." मामी मान वर न करता म्हणायची, "तुमचा झाला. माझं पान व्हायचंय."

पुढे तत्त्वज्ञान लागलं. आत्मा आहे की नाही यावरचं एक जाडजूड पुस्तक मामीनं शेवटच्या पानापर्यंत वाचलं आणि निकाल दिला, "त्याचं त्यालाच ठरवता येईना. पण माणूस कष्टाळू हाय." मग हस्तरेषा आणि स्वप्नांचे अर्थ आले, तेव्हा गल्लीतल्या बायका दारात हात पसरून उभ्या राहू लागल्या. पुस्तक संपलं त्या दिवशी मामीनं दुकान बंद केलं. "आता म्होरचं लागलं," म्हणाली. पुढचं होतं मानसशास्त्र. एका रात्री जेवताना तिनं मामाला विचारलं, "अहो, तुमचं ल्हानपण कसं गेलं?"

भाकरीचा घास हातात ठेवून मामा म्हणाला, "बैलांच्या मागं गेलं. का?"

"म्हणूनच," मामी म्हणाली आणि वरण वाढलं. मामाला त्या रात्री झोप लागली नाही.

असं सगळं आनंदात चाललेलं असताना ग्रंथालयाच्या आवारात डोळे तपासणीचं शिबिर भरलं. मामीच्या डोळ्यांना काही झालेलं नव्हतं, निदान तिचं तसं मत होतं. पण तपासणी फुकट होती, म्हणजे तिला ते सोडणं शक्यच नव्हतं. तिथल्या डॉक्टरांनी यंत्रातून पाहिलं, पुन्हा पाहिलं आणि सांगितलं की दोन्ही डोळ्यांत काचबिंदू आहे. गेलेली नजर परत येत नाही, आणि उरलेली टिकवायला थेंब घालत राहायचं. मी शेजारी उभा होतो. मामीनं पदर सारखा केला आणि विचारलं, "एक कपाट व्हईल का?"

"कसलं कपाट?" डॉक्टर म्हणाले.

"पुस्तकांचं. दोन कप्पे झालेत, बाकीचे राहिलेत."

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला आणि ते प्रामाणिकपणे म्हणाले, "सांगता येणार नाही, आजी."

त्या दिवशी रिक्षात मामी पहिल्यांदा मला तिच्या शाळेबद्दल बोलली. ती चौथीत होती. आई अंथरुणाला खिळली आणि मामीच्या हातातली पाटी जाऊन खुरपं आलं. "गुरुजी घरी आलते सांगायला. बाप म्हणला, हंगाम झाला की धाडतो. कंचा हंगाम ते नाय सांगितलं." मग म्हणाली, "चौथी अर्धी राहिली ती राहिली. हे कपाट मी अर्धं ठेवणार नाय."

पुढे घरात व्हायचं ते झालं. मुलानं पुण्याहून मोबाइल पाठवला, त्यात पुस्तकं ऐकायची सोय होती. मामीनं तो मामाला देऊन टाकला. ऐकणं म्हणजे वाचणं नव्हे, यावर ती ठाम होती. मी शहाणपणा करून म्हटलं, "मामी, जाडी पुस्तकं सोड ना. गोष्टीची काढून देतो, लवकर होतील." तिनं माझ्याकडे असं बघितलं की मला माझं शिक्षण परत करावंसं वाटलं. "धुऱ्या-बांधावरून चालत गेलं म्हंजे रान खुरपलं व्हय रे?" ती म्हणाली. ग्रंथपालबाईंनी कुठूनशी मुठीएवढी भिंगं शोधून काढली. चाचांनी तिची खुर्ची उजेडाच्या आणखी जवळ सरकवली आणि पंख्याच्या वेळेबद्दल बोलणं सोडून दिलं. मामी भिंग ओळीवर ठेवून एकेक शब्द पुढे ढकलायची. डोळ्यात थेंब घालायची वेळ झाली की पुस्तकात बोट ठेवून मान वर करायची, थेंब पडले की पुन्हा खाली. एवढा हट्ट मी लहान मुलातही पाहिलेला नाही.

माझं ऑफिस तिथून जवळ असल्यामुळे संध्याकाळी तिला घरी सोडायचं काम माझ्याकडे होतं. एकदा मी जरा लवकर गेलो आणि लांबून बघत उभा राहिलो. मानसशास्त्र संपून तर्कशास्त्र लागलं होतं. भिंग एका ओळीवर होतं आणि हलत नव्हतं. मी जवळ गेलो तर मामीचे गाल ओले होते. "सकाळपासून ह्याच पानावर हाय," ती म्हणाली. मला फार वाईट वाटलं. मी म्हटलं, "राहू दे मामी. खूप झालं."

"राहू दे कसं?" तिनं पदरानं तोंड पुसलं. "खुरपताना एखादीला ताप येतो, एखादीचं लेकरू रडतं. मागं पडती ती. मग बाकीच्या काय करतात, ठाऊक हाय का? आपली पात झाली म्हणून बाभळीखाली जाऊन बसत नायत. तिच्या पातीला पल्याडच्या कडंनं लागतात आन् खुरपत खुरपत तिच्याकडं येतात. दोघी जिथं भेटल्या तिथं पात झाली. अर्धी कुणाची, कोणी इचारत नाय." मग कपाटाच्या खालच्या टोकाकडे हात करून तिनं हुकूम सोडला, "जा, भाचेराव. त्या कडंनं धर."

मी विमा कंपनीत नोकरी करणारा माणूस. पॉलिसीच्या मागचा बारीक मजकूर मीसुद्धा कधी पूर्ण वाचलेला नाही. आणि त्या कपाटाच्या शेवटच्या कप्प्यात भारतीय दर्शनं होती, तीही खंडांमध्ये. पण सांगतो कोणाला! ऑफिस सुटलं की मी जाऊन बसू लागलो. वाचल्यावर रिक्षात तोंडी हिशेब द्यावा लागे. एकदा मधली काही पानं गाळून मी सारांश ठोकून दिला. मामीनं शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "मधे तण राहिलंय. उद्या परत बस." मी परत बसलो. काही दिवसांनी पाहतो तर ग्रंथपालबाईसुद्धा जेवणाच्या सुट्टीत नीतिशास्त्राचा कप्पा घेऊन बसलेल्या. मी बघितल्यावर जरा लाजल्या आणि म्हणाल्या, "मावशींनी लावून दिलंय." त्यांच्या बोलण्यात तक्रार मुळीच नव्हती.

असे आम्ही खालून वर येत राहिलो आणि मामी वरून खाली, मुंगीच्या पावलांनी. आता आमच्या मधे एकच पुस्तक उरलं आहे. तर्कशास्त्राचंच आहे, शाळकरी वहीएवढं. परवा ते मी सहज हातात घेऊन नाव मोठ्यानं वाचलं तर मामीनं माझ्या आवाजाच्या रोखानं हात पुढे केला आणि म्हणाली, "ते इकडं आण. ते माझं हाय." हल्ली तिची एक ओळ व्हायला सबंध दुपार जाते. कधी ती ओळ होतही नाही. मी शेजारच्या खुर्चीवर नुसता बसून असतो, मला काही काम नसतं. तिच्या भिंगापुढे किती पानं उरली आहेत ते मी बघत नाही, पण दिसतं. पुस्तक फारच पातळ आहे. तर्कशास्त्राचं एखादं पुस्तक चांगलं जाडजूड असतं तर बरं झालं असतं, असं मला आयुष्यात पहिल्यांदाच वाटतं आहे.